वर्गनियंत्रण : उत्तम

पाठ निरीक्षणाच्या जुन्या वहीत रकाने ठरलेले असायचे. प्रस्तावना, हेतुकथन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, साधनांचा वापर आणि सगळ्यात शेवटी वर्गनियंत्रण. चिंचपाड्याच्या आसपासच्या शाळांवर सराव पाठ घ्यायला येणाऱ्या आमच्या छात्राध्यापकांना बाकीच्या रकान्यांत काहीही मिळो, या शेवटच्या रकान्यात 'उत्तम' ठरलेलं. शहरातल्या शाळेत वर्ग आवरता आवरता ज्याचा घसा बसायचा, तोच मुलगा इकडे पाड्यावरच्या शाळेत उभा राहिला की मुरलेला मास्तर वाटायचा. हाताची घडी, तोंडावर बोट, डोळे फळ्याकडे. कौलांवरून खार पळाली तर तिची नखं ऐकू यावीत, इतकी शांतता. मुख्याध्यापक कौतुकानं सांगायचे, "आमची पोरं फार गुणी, मॅडम. चूं करत नाहीत."

चूं करणार तरी कोणत्या भाषेत? पाठ मराठीत, घरात मावची, पलीकडच्या पाड्यावर कोकणा लोकांची कोकणी, बाजारात गुजराती. समोरचा काय बोलतोय ते मुलांना कळत नव्हतं आणि मुलांना जे सांगायचं होतं ते समोरच्याला कळलं नसतं. त्या न कळण्याला आम्ही सगळे शिस्त म्हणत होतो, तिला गुण देत होतो, आणि त्या गुणांवर पोरं डी.एड. होत होती.

माझी सगळी नोकरी सामाजिक शास्त्रं कशी शिकवावीत हे शिकवण्यात गेली. अध्यापकाचार्य हे भारदस्त नाव. गावात मात्र "मास्तरांना शिकवणाऱ्या मॅडम". इतिहास, भूगोल आणि शेवटी 20 मार्कांचं बिचारं नागरिकशास्त्र, जे परीक्षेच्या आदल्या रात्रीवर सोडलेलं असायचं. आता निवृत्त होऊन चिंचपाड्यातच राहते. वाटतं, माझी नोकरी म्हणजे वर्गातल्या शांततेचाच इतिहास होता. आधी ती शिस्त होती, मग प्रशिक्षणांतून ती दोष ठरली, आणि आता तिला वेळापत्रकात स्वतंत्र तास मिळाला आहे. तिन्ही वेळा मुलं तीच.

तेव्हा सराव पाठांना यायचं म्हणजे पॅसेंजर. नंदुरबारहून निघाली की खांडबारा, चिंचपाडा, मग नवापूर आणि पुढे गुजरात. ताप्ती खोऱ्यातला हा सुरत-भुसावळ मार्ग इंग्रजांच्या काळातला आणि माझ्या ऐन उमेदीत एकेरी. समोरून मालगाडी यायची असली की आमची गाडी लूपलाइनला निवांत उभी. क्रॉसिंग. ते किती चालेल ते स्टेशनमास्तरलाही सांगता यायचं नाही. आमची अर्धी टाचणं त्या क्रॉसिंगवर तपासून झाली आहेत. लाल पेन, मांडीवर फाईल, शेजारी गुंडाळफळा आणि नकाशे धरून अवघडून बसलेली मुलं-मुली, समोरच्या बाकावर टोपलीत कोंबड्या घेऊन बाजाराला निघालेली बाई. "हेतुकथन दोन ओळींत नको, एका वाक्यात हवं," असं मी ऐकवत असायची आणि ती बाई माझ्याकडे 'हिचं काय बिनसलंय' अशा नजरेनं बघत असायची. मार्ग दुहेरी झाला, वीज आली, गाड्या आता थांबत नाहीत. बरंच झालं. पण आजची छात्राध्यापक मुलं मोटारसायकलनं थेट शाळेच्या फाटकात उतरतात. स्टेशनापासून पाड्यापर्यंतची पायवाट, वाटेत लागणारं भाताचं खाचर, कुणाच्या तरी ओट्यावर मागितलेलं पाणी हे सगळं त्यांच्या वाट्याला येत नाही. मला तर त्या पाण्याच्या लोट्यापाशी जेवढं समाजशास्त्र कळलं तेवढं पुस्तकात कळलं नव्हतं: कोणाच्या घरी पाणी घ्यायचं नाही असं बरोबरीचं कोण कुजबुजतं, आणि कोण न विचारता घटाघटा पितं.

त्या काळातला एक पाठ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. विषय 'आपले मदतनीस'. पोस्टमन, डॉक्टर, पोलीस. छात्राध्यापक जळगावकडचा, तयारीचा, तक्ते स्वतः रंगवलेले. पोस्टमन झाला. डॉक्टर झाला, ते चित्र मुलांना लगेच ओळखू आलं, कारण चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत, कितीतरी जणांचा जन्मच तिथला. मग पोलिसाचं चित्र वर आलं. "हा आपला कोण?" वर्ग गप्प. टाचणात अपेक्षित उत्तर लिहिलेलं होतं : मित्र. त्यानं प्रश्न फिरवून विचारला, "हा दिसला की तुम्ही काय करता?" मागच्या ओळीतल्या एका मुलानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "पळतो."

सगळा वर्ग हसला. छात्राध्यापकाचा चेहरा उतरला, त्यानं माझ्याकडे पाहिलं. तासभरात आलेलं ते एकमेव खरं उत्तर होतं. लाकूडफाट्यासाठी जंगलात गेलेली आई, खाकी कपडे, दंडाची पावती, हे सगळं त्या एका शब्दात होतं. चांगल्या शिक्षकानं तिथून पाठ सुरू केला असता : कायदा कोणासाठी, जंगल कोणाचं, हद्द कोण ठरवतं. पण आमच्या हर्बार्टच्या पायऱ्यांमध्ये 'पळतो' या उत्तराला जागा नव्हती. त्यानं "चूक, खाली बस" म्हटलं आणि पुढचा तक्ता काढला. वर्ग पुन्हा शांत.

सणांचं तसंच. पुस्तकात गुढीपाडवा, गणपती, दिवाळी, ईद, नाताळ. पाठ घेणारी मुलगी विचारायची, "तुमचा सगळ्यात मोठा सण कोणता?" आणि पुस्तकाप्रमाणे 'दिवाळी' येईल म्हणून खडू उचलून उभी राहायची. सातपुड्यात मोठा सण म्हणजे होळी. अक्कलकुव्याकडच्या काठीची राजवाडी होळी बघायला हजारो माणसं रात्रभर चालत येतात, घुंगरं बांधून पहाटेपर्यंत नाचतात. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार म्हणजे वर्षाची खरेदी. नवापूर तालुक्यात कोकणा लोकांचा डोंगऱ्या देव, वाघदेवाची पूजा, शिवाय चर्चमध्ये जाणाऱ्या घरांचा नाताळ. एकाच बाकावर बसलेल्या तीन मुलांचे तीन सण. आणि आमची छात्राध्यापक मुलगी पणतीचा तक्ता टांगून उभी. रोजच्या प्रतिज्ञेत याच मुलांना परंपरांच्या विविधतेचा अभिमान वाटतो असं म्हणायला लावून झालेलं असायचं, तेही एका सुरात, उजवा हात पुढे करून.

मी स्वतः शिंदखेड्याकडची. घरात अहिराणी. शाळेच्या दारात चपलांबरोबर भाषाही काढून ठेवायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी ठेवत होते. त्यामुळे इथल्या पोरांचं गप्प बसणं मला ओळखीचं वाटायचं. फरक एवढाच की अहिराणीतून मराठीत येताना उंबरठा लागतो, मावचीतून येताना आख्खा घाट.

या सगळ्याला उत्तर तेव्हाही कुणी शोधलं नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम करताना शाळाच उचलून मुलांपाशी नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, घराच्या अंगणात भरणारी अंगणवाडी. आमच्या खानदेशातच अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 पासून शिकवत होते, छात्रालयात मुलांसाठी हातानं लिहिलेलं दैनिक काढत होते. पुढे त्यांनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं. डी.एड.च्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेत ही नावं यायची. अनुताईंचं नाव चार मार्कांना, गुरुजींचं पाचला. उत्तर लिहून झालं की मुलं पाठ घ्यायला जायची आणि मावची बोलणाऱ्या पोराला "शुद्ध बोल" म्हणायची. घटनेचं तेच. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी असं सांगणारं 350-क हे कलम 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं आलं. मी ते वर्षानुवर्षं शिकवलं. भाषिक अल्पसंख्याक म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे मुंबईतला गुजराती आणि सोलापुरातला तेलुगू यायचा. समोर बसलेली गावित आणि वसावे आडनावाची मुलं कुणाच्या डोळ्यांपुढे यायची नाहीत, खुद्द त्या मुलांच्याही नाही.

भूगोलाचा एक फायदा होता : तो पायाखाली होता. तिसरीच्या पुस्तकात आपला जिल्हा असायचा. आमचा जिल्हा तेव्हा धुळे. नवापूर म्हणजे त्या नकाशाच्या पश्चिमेचं टोक, जिथे जिल्ह्याचं नाव लिहिताना अक्षरं पोचायची नाहीत. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा झाला आणि कितीतरी शाळांत जुनेच नकाशे लटकत राहिले. एका शाळेत मास्तरांनी त्याच नकाशावर निळ्या स्केचपेननं नवी हद्द आखली होती, जराशी वाकडी, पण मुलांना ती छापील रेषेपेक्षा जास्त पटायची, कारण ती त्यांच्यादेखत आखली गेली होती. जिल्हा कुणीतरी ठरवतं, आखतं, बदलतं हे त्यांना एका दुपारी कळलं. राज्यशास्त्राचं एवढं मोठं प्रकरण इतक्या स्वस्तात मी दुसरीकडे कुठे शिकवलेलं पाहिलं नाही.

त्याच्यावर ताण करणारं साधन म्हणजे नवापूरचं रेल्वे स्टेशन. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली, रेषा फलाटावरून गेली. उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी चारही भाषांत. एका बाकड्याचा तर अर्धा भाग या राज्यात, अर्धा त्या राज्यात, लोक फोटो काढायला थांबतात. मी छात्राध्यापकांना तिथे घेऊन जायचे आणि सांगायचे, इथे उभं राहून पाठाचं टाचण लिहा. एक मुलगी होती, नवापूरजवळच्याच पाड्यावरची, बोलायला फार कमी. तिनं लिहिलं होतं : तिच्या मामाचं घर पलीकडे सोनगढकडे, आजीचं अलीकडे, आणि तिच्या घरात कुणालाच रेषा कुठे आहे ते माहीत नाही, कारण लग्नं दोन्हीकडे होतात आणि भाषा दोन्हीकडे एकच. मी ते टाचण वर्गात वाचून दाखवलं. 'सीमा' या विषयावर त्याहून चांगला धडा अजून छापून आलेला नाही.

इतिहासाचं गणित मात्र अवघड. नंदुरबारच्या चौकात 9 सप्टेंबर 1942 ला गोळी खाऊन पडलेला शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता, हे सांगताना वर्ग आपोआप सरसावून बसतो, आजही. गुजराती घरातला मुलगा, मराठी मुलखातलं गाव, आणि ऐकणारी पोरं मावची : या तिन्ही गोष्टी एका श्वासात सांगता येतात तेव्हा विविधता वेगळी शिकवावी लागत नाही. पण सातपुड्यात 1857-58 मध्ये इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक आमच्या पोरांना फार उशिरा भेटले. कितीतरी भिल्ल मुलं आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोंगरात लढाई झाली होती हे न कळताच चौथीचा इतिहास पाठ करून मोठी झाली. शिवछत्रपतींचं ते पुस्तक महाराष्ट्राच्या पिढ्यान्‌पिढ्यांना घडवणारं, मला स्वतःला अजून आवडतं. त्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडायला कुणी तयार नव्हतं, एवढीच माझी तक्रार.

नव्वदच्या दशकात प्रशिक्षणांचा पाऊस सुरू झाला तो आजवर थांबलेला नाही. 1986 च्या शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या, म्हणजे आपलं डाएट. मग स्मार्ट पीटी, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, सर्व शिक्षा अभियान, 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, ज्ञानरचनावाद, 2015 पासून प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, निष्ठा. प्रत्येकाची वेगळी फाईल, वेगळा फलक, आणि तोच चहा. यांची चेष्टा करणं सोपं आहे, आणि मी भरपूर केली आहे. पण 2005 च्या आराखड्यानं एक वाक्य तरी सरकारी कागदावर आणलं, की वर्गातल्या अनेक भाषा ही अडचण नसून साधन आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंही शक्य असेल तिथे मातृभाषेची बाजू घेतली. त्यानंतर मावचीत उत्तर देणाऱ्या मुलाला "चूक" म्हणणारा छात्राध्यापक निदान एकदा इकडेतिकडे बघायला लागला. नर्मदेच्या खोऱ्यात, अक्कलकुवा-अक्राणीत नर्मदा बचाव आंदोलनानं चालवलेल्या जीवनशाळांनी हे सरकारच्या आधी करून दाखवलं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे मुलं पावरी, भिलोरीतून शिकायला लागली. तिथे बघितलेला एक वर्ग मला आठवतो : इतका गोंगाट, की माझ्या वहीतल्या शेवटच्या रकान्यात 'सुधारणेस वाव' लिहावं लागलं असतं.

आता शांततेच्या तिसऱ्या अवताराकडे येते.

महाराष्ट्राच्या शाळेत मौन नवीन नाही. परिपाठाच्या शेवटी दोन मिनिटं डोळे मिटायचे, ही रीत जुनीच. मग इगतपुरी आली. सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, 1976 मध्ये इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचं केंद्र उभं राहिलं. सरकारी नोकरांना दहा दिवसांच्या शिबिराला रजा मिळू लागली तशी आमच्यातलीही काही मंडळी जाऊन आली. परत आलेले काही दिवस हळू बोलायचे. 2012 च्या सुमारास 'मित्र उपक्रम' शाळांत आला : आनापान, म्हणजे येणारा श्वास, जाणारा श्वास, नुसता बघायचा. तिकडे अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी हीच गोष्ट 1979 पासून मॅसॅच्युसेट्सच्या दवाखान्यात दुखण्याच्या रुग्णांसाठी वापरली होती. तिथून ती जगभरच्या शाळांत गेली आणि नवं नाव लावून आपल्याकडे परत आली. बीडमधून 2009 ला सुरू झालेल्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनच्या मूल्यवर्धननंही मुलांना गटात बोलायला आणि ऐकायला शिकवलं. आणि 2022 च्या सुमाराला आनंददायी अभ्यासक्रम आला, त्यात दिवसाच्या सुरुवातीलाच सजगता, मग गोष्ट, कृती, अभिव्यक्ती.

मी या गोष्टींच्या विरोधात नाही. उलट माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी त्याच शिकवत होते. ऊसतोडीवरून परतलेल्या मुलाला, जो दिवाळीनंतर बारडोली-व्याऱ्याकडच्या फडात आईबापांच्या कोयत्यामागे धाकट्या भावाला सांभाळत होता, होळीला गावी आला आणि पुन्हा निघून गेला, त्याला शाळेत आल्याबरोबर भागाकार विचारण्यापेक्षा दोन मिनिटं श्वास मोजू द्यावा यात काही वावगं नाही. पूर्वी अशा मुलाच्या नावापुढे दिवाळी ते अक्षय तृतीया सरळ 'गैर' पडायचं आणि जूनमध्ये नाव कमी व्हायचं. आता काही ठिकाणी हंगामी वसतिगृहं आहेत, मूल आजीपाशी राहून शाळेत येतं. हा बदल मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

पण एकदा एका शाळेत मी सजगतेचा तास बघितला. मुलं मांडी घालून ओळीत बसलेली, डोळे मिटलेले, पाठीचा कणा ताठ. बाई समोर उभ्या, त्यांचे डोळे मोबाइलमध्ये, कारण फोटो तासाभरात ग्रुपवर टाकायचा होता. दुसऱ्या ओळीतली एक चिमुरडी एक डोळा किलकिला करून बाईंकडे बघत होती. सूचना मराठीत होत्या, संथ, रेकॉर्डवरच्या आवाजात. "तुमच्या मनात आत्ता काय भावना आहे ती ओळखा." पहिलीतली, जूनपासून मराठी ऐकायला लागलेली पोरं. भावना हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असेल. ती गप्प बसली होती, चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे आजोबा बसायचे तशीच, आणि फोटो फार सुंदर आला.

माझं म्हणणं एवढंच की ज्या मुलाला वर्गात बोलता येतं त्याच्याच गप्प बसण्याला काही अर्थ असतो. जिभेला जागा दिल्याशिवाय श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणं म्हणजे त्या जुन्या 'तोंडावर बोट'चीच नवी, रेकॉर्ड केलेली आवृत्ती. कुठल्याही प्रशिक्षणाच्या समारोपात हे मी बोलले की टाळ्या पडायच्या आणि अहवालात हे वाक्य नसायचं.

मग वर्ग बदललाच नाही का? बदलला. आणि तो कुठल्या मॉड्यूलनं बदलला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या दशकात तालुक्या-तालुक्यात डी.एड. कॉलेजं निघाली. त्यांतल्या कितीतरी कॉलेजांबद्दल मी चांगलं बोलू शकणार नाही. इमारत एक, नावं दोन, ग्रंथालयाला कुलूप. पण त्या गर्दीतून एक गोष्ट घडली, जी कुणी ठरवली नव्हती. इथल्याच पाड्यांवरच्या मुली बारावीनंतर दोन वर्षांत मास्तरीण व्हायला लागल्या. ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यात कमी, आणि दहातली सात माणसं आदिवासी, त्या जिल्ह्यात गावित बाई गावितांच्या पोरांपुढे उभी राहिली.

अशा एका बाईंचा वर्ग मी निवृत्तीच्या आधी बघितला. तिसरीचा परिसर अभ्यास, धडा पाण्याचा. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. रंगावली नदी कुठून येते हे मावचीत विचारलं. जो हल्लकल्लोळ उडाला त्यात मला निम्मंही कळलं नाही. एक मुलगा खिडकीतून हात बाहेर काढून दिशा दाखवतोय, दुसरी त्याला खोटं ठरवतेय, तिसरा पुराच्या वेळी म्हैस वाहून गेल्याची गोष्ट सांगतोय. बाईंनी फळ्यावर ओहोळ काढले, मुलांनी सांगितले तसे, आणि प्रत्येकाला मराठीत नाव दिलं, शेजारी मावचीतलं राहू दिलं. मग त्या म्हणाल्या, आता डोळे मिटा आणि पाणी आपल्या घरापासून नदीपर्यंत मनातल्या मनात चालत न्या. वर्ग शांत झाला. कुणी डोळा किलकिला केला नाही; त्यांना जायचं होतं. कुणाचं तरी पाणी लवकर पोचलं, तो मध्येच ओरडला. फोटो काढायला कुणी नव्हतं. सामाजिक शास्त्र, विविधता आणि सजगता या तीन विषयांवर मी ठेवलेल्या फायली त्या दिवशी तिथेच ओतून आले असते तरी चाललं असतं.

त्या बाई आमच्याच कॉलेजच्या. नवापूर स्टेशनवरचं ते टाचण लिहिणारी, फार कमी बोलणारी मुलगी.

आता ती वाट अरुंद होत चालली आहे. 2010 च्या भरतीनंतर जवळपास दशकभर मोठी शिक्षकभरती झाली नाही. टीईटी आली, पवित्र पोर्टल आलं, कॉलेजं ओस पडली. वाईट कॉलेजं बंद झाली त्याचं मला दुःख नाही, पण ती जाताना चांगल्यांनाही घेऊन गेली. 2020 च्या धोरणानं 2030 पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान अट ठरवली आहे. कागदावर ती योग्यच वाटते. दोन वर्षांत शिक्षक घडत नाही हे मीच सगळ्यांना सांगत आले. पण अशी पदवी देणारी संस्था चिंचपाड्याच्या मुलीपासून किती अंतरावर असेल, तिथलं वसतिगृह, मेस, येणं-जाणं, हे सगळं कुणाच्या खिशातून येईल, याचा विचार धोरणाला करावा लागत नाही. तो बापाला करावा लागतो.

गेल्या जूनमध्ये शेजारच्या पाड्यावरचे एक गृहस्थ बारावी झालेल्या मुलीला घेऊन घरी आले. निकाल चांगला. "मॅडम, पोरीला डी.एड.ला घालू का?" मी कागद घेतला. दोन वर्षांचा कोर्स, मग टीईटी, मग पोर्टलची वाट. किंवा चार वर्षांची पदवी, बाहेरगावी. दोन्हीकडचा खर्च मांडून दाखवला. त्यांनी तो नीट ऐकला आणि आपल्या पद्धतीनं हिशेब केला. "चार वर्षं म्हणजे चार हंगाम कोयता," ते म्हणाले. मुलगी मावचीत काहीतरी बोलली, भराभर, बापाकडे न बघता. त्यांनी तिला उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं मला विचारलं, "नर्सिंगला किती वर्षं लागतात?" एएनएमला दोन, जीएनएमला तीन, मी सांगितलं. त्यांनी तेही त्याच कागदावर लिहून मागितलं.